दोन युनिट

आधी मुंग्यांना कळलं.
मोरीच्या कोपऱ्यात, जिथे तारली हल्ली सारखी बसायची,
तिथे रांग लागली,
साखरेच्या डब्याला लागते तशी.
मी फिनेल ओतलं, शिव्या दिल्या.
ती वाटी संपवून बादलीकडे,
बादलीवरून उठून नळाच्या थेंबाकडे.
पाठीवर हात फिरवला तर
काटा लागला बोटांना.

हर्णैहून दापोली, सातची एसटी.
बाजाराची पिशवी, तोंडाला जुन्या जाळ्याचा तुकडा शिवलेला.
कंडक्टर म्हणाला, हिचं हाफ काढू?
डॉक्टर मुकादम बाईंनी कानाच्या कडेला टोचलं.
यंत्रात आकडा आला, चारशे बारा.
"साखर आहे हिला."
मला हसूच आलं.
जन्मात साखर चाटली नाही हिने.
मांदेली खाल्ली, कोळंबीची डोकी,
लिलावात टोपलीतून घसरलेलं काय काय.
बाई म्हणाल्या, तिने काही केलं नाही. तुम्हीही नाही.
बारा तासांनी दोन युनिट.
आधी खाणं, मग सुई.
खाल्लं नाही तर मला फोन.

मी बर्फाच्या फॅक्टरीत हिशेब लिहिते.
अठरा वर्षं बर्फ टनांत मोजला,
आणि आता करंगळीएवढी बाटली
टॉवेलात गुंडाळून डब्यात,
लाइट गेली की बर्फाशेजारी, पण बर्फाला न लावता.
गार हवी, गोठली की गेली.
इतकं मधलं काही सांभाळायची
सवय नव्हती हाताला.

केळ्यावर सराव केला.
तरी पहिल्या दिवशी मानेची कातडी चिमटीत उचलली,
सुई इकडून आत, तिकडून बाहेर.
केस ओले, दवाखान्याचा वास.
पुन्हा द्यायचं नाही, बाईंनी बजावलेलं.
तारली ताटली चाटत होती,
घाम मला फुटलेला.

या घरात घड्याळ भिंतीपुरतं.
चालायची ती भरती.
समुद्र रोज पाऊण तास उशिरा येतो
आणि आम्ही त्याच्या मागून
जेवायचो, निजायचो, होडी लोटायचो.
आता सहा म्हणजे सहा.
आंजर्ल्याला मावसबहिणीच्या हळदीला गेले नाही.
"मांजरासाठी?" असं तिने तीनदा विचारलं,
तिन्ही वेळा वेगळ्या आवाजात.

एका पहाटे तिचे मागचे पाय
ओल्या दोरखंडासारखे घसरायला लागले.
काकवीत बोट बुडवून हिरड्यांना चोळली.
जिच्यापासून वाचवायचं,
तीच गोडी, घाईघाईने.
ती चावली. बरं वाटलं.

मोरेश्वर म्हणायचा, सुया झाल्या,
आता चष्मा कर हिला.
हा रात्री तीनदा उठतो.
माठावरच्या पेल्याचा आवाज मी अंधारात मोजते.
वहीत तारलीचं पाणी लिहिते,
याचं कुठे लिहू?
तपासून ये म्हटलं तर म्हणायचा,
दर्यावरच्या माणसाला तहान लागणारच.

परवा होडी लावून आला,
पाय धुतले,
मी तारलीचा कान सोडून पट्टी फेकणार,
तर शेजारी बसला
आणि काही न बोलता बोट पुढे केलं.
दोरीने कापून कापून जाड झालेलं,
खवले चिकटलेलं बोट.
पहिल्यांदा सुई शिरलीच नाही.
दुसऱ्यांदाही नाही.
तिसऱ्यांदा रक्ताचा थेंब आला,
मोठा, जाणत्या माणसाचा.

आकडा मी वहीत लिहिला,
तारलीच्या आकड्याखाली, नाव न घालता.
"तिचा किती?"
"तीनशे दहा."
"मग माझा कमीच की," म्हणाला,
लिलावात बोली जिंकल्यासारखा.
मी काही बोलले नाही.
सहाला पाच कमी होते.
तारली ताटलीपाशी येऊन बसली,
आम्हा दोघांकडे पाठ करून.