लाखामागे

लिप्निकची लोकसंख्या दोनशे चौदा.
यात मेट्रो धरला आहे, जो हल्ली अर्धा महिना
सॅस्कटूनच्या दवाखान्यात असतो.
कचेरीत मी एकटीच. पाण्याची बिलं,
कुत्र्यांचे परवाने, कबरस्तानाचा नकाशा,
आणि वर्षातून एकदा हा तक्ता.

गेल्या साली गुन्हा झाला एक.
ऑक्टोबरात मेट्रोच्या शेडमधून जनरेटर गेला.
जाताना चोरानं शेडचं दार ओढून घेतलं होतं,
मांजर बाहेर गारठू नये म्हणून
किंवा नुसत्या सवयीनं.
हे मला फार दिवस खटकत राहिलं.
परका माणूस दार कशाला ओढून घेईल?

एकाला दोनशे चौदानं भागायचं, लाखानं गुणायचं:
लाखामागे चारशे सदुसष्ट.
तीनदा करून पाहिलं.
लाख माणसं मी जन्मात एका जागी पाहिली नाहीत.
लाख म्हणजे गव्हाचे दाणे,
कोठाराच्या तळाशी सांडलेले, झाडून टाकायचे.
पण आकडा पेपरात आला,
आणि आम्ही तो असा वाचला
जणू चारशे सदुसष्ट चोर
धान्याच्या कोठाराआड दबा धरून बसलेत.

यॉर्कटनहून कुलूपवाला आला,
चर्चच्या हॉलमध्ये टेबल मांडून बसला.
आम्हीच त्याला पेरोगी वाढले, वर साय.
एकसष्ट कुलपं विकून गेला.
युस्टिनाबाईंनी मागच्या दारालाही घेतलं,
जे लाकूड फुगल्यामुळे
नवरा गेल्यापासून नीट लागतच नव्हतं.
साप साप म्हणून सगळ्या गावानं भुई धोपटली.
ओरेस्टच्या धाकट्यानं नवे बूट घातले त्या दिवशी
कॉफीच्या टेबलावर कुणी बोलेना.

इथं एक जुना नियम होता:
वादळात सापडलास तर लागेल ते पहिलं दार उघड,
चूल पेटव, मालकाला मागाहून सांग.
तो कुठं लिहिलेला नव्हता,
म्हणून रद्द झाला तेव्हा कुणाला कळलं नाही.

डिसेंबर. उणे अडतीस.
डॅरिनचा ट्रक रस्त्याकडेच्या चरात गेला.
पहिल्या घरी कुणी नव्हतं. कुलूप.
दुसऱ्या घरी युस्टिनाबाई,
कानातलं यंत्र काढून झोपलेल्या. कुलूप.
तिसऱ्या दारामागे मी होते,
पलंगावर, दिवा न लावता,
पायाशी फावडं घेऊन.
आवाज वाऱ्यानं फाटून येत होता,
बाईचा की बाप्याचा कळेना.
ठोठावणं मोजलं. अकरा.
कारकुनाची सवय.

वाचला तो. कोंबड्यांच्या खुराड्यात शिरला,
खुराड्याला कोण कुलूप लावतो.
सकाळी ओरेस्टला सापडला,
छातीशी दोन कोंबड्या कवटाळून.
डाव्या हाताची दोन बोटं गेली.

आता पेट्रोल पंपावर असतो.
सुटे पैसे उजव्या हातानं देतो.
मला काही विचारत नाही.
"रस्ता निसरडा आहे, जपून," एवढंच म्हणतो,
आणि मी काच वर घेते.

तक्ता भरायची आज शेवटची तारीख.
लोकसंख्या: दोनशे तेरा. मेट्रो ऑगस्टातच गेला.
त्याचा जनरेटर मिळाला नाही,
कुणी शोधलाही नाही.
गुन्हे: शून्य.
लाखामागे: शून्य.
गेल्या वर्षाच्या तुलनेत: शंभर टक्के घट.
वरून अभिनंदनाचं पत्र येईल, ते फळ्यावर लावावं लागेल.

शेऱ्याचा रकाना अरुंद आहे.
एक बोट ठेवून पाहिलं, मावलं.
दोन मावत नाहीत.

आता दार उघडंच ठेवते, असं म्हणाले
तर खोटं होईल.
कुलूप लावते. दिवा मालवते.
मग अनवाणी उठून ते काढते.
आणि वारा सुटला की
पुन्हा लावते.