कशावर दळू?

गुरुवारी आमच्या भागात वीज नसते,
म्हणून गुरुवारी गिरणी बंद,
हे नारायण पेठेत शेंबडं पोरही सांगेल.
ती गुरुवारीच आली. कापडी पिशवीत दोन किलो दाणे.
काय आहे म्हटलं, तर म्हणाली, राई.
मी म्हटलं, मोहरी दळत नाही बाई, दगडाला तेल धरतं.
तिनं मूठ उघडली.
मोहरी कुठली, गव्हाचा उपाशी भाऊ,
सडपातळ, करडा, पोटाला जरा हिरवट.
बहिणीनं रिगाहून आणलेला, स्वेटरच्या घडीत.

नाव विझ्मा. असलं कसलं विझणारं नाव?
तर म्हणे, आमच्यात याचा अर्थ लकाकी.

पोत्यावर बसली, चार वाजेपर्यंत.
तुम्ही आलात ना मावशी, तर मार्च सरता सरता या.
बर्चच्या बुंध्याला भोक पाडून पाणी काढतो आम्ही.
पहिल्या दिवशी त्याला चवच नसते जवळजवळ,
तीच चव.
मी नीरेचं काढलं.
ती म्हणाली, प्यायले मी. नीरा फार बोलते.

जूनमध्ये याल, तर वर्षातली सगळ्यात लहान रात्र,
कोणी झोपत नाही, टेकाडाटेकाडावर जाळ,
आणि शहाजिरं घातलेलं चीज, चंद्राएवढं, पिवळं,
दूध नासवून केलेलं.
मुद्दाम नासवता?
मुद्दाम.
माझ्या हातून एकदा नासलं होतं,
सासूबाई नऊ दिवस बोलल्या नव्हत्या.

उन्हाळ्यात गार सूप, बीट आणि ताक,
कोशिंबिरीवर कोणी ताक सांडून विसरून गेल्यासारखं.
शिळ्या पावाच्या कडा आंबवून क्वास.
आणि मातीच्या बाटलीतलं ते काळं कडू,
चोवीस मुळ्यापाल्यांचं, खोकल्यावर गरम करून.
काढाच की, मी म्हटलं.
हो, पण काढा पिऊन तुम्ही गाता का?

वीज आली. पट्टा फिरला.
मी सवयीनं विचारलं, कशावर दळू?
तिला कळेना. सांगितलं,
आधीचं पीठ थोडं आत राहतंच,
म्हणून गव्हावर गहू, ज्वारीवर ज्वारी.
राईवर टाकायला पुण्यात राई कुठून आणू?
तिनं स्थळ पाहावं तसा विचार केला.
बाजरीवर, म्हणाली.

मग ढमढेरे वहिनींचं दळण होतं.
दुसऱ्या दिवशी त्या विचारत आल्या,
भाकरी आंबूस का लागली?
मी म्हटलं, हवा.

सोमवारी पाव आणला, काळा, विटेसारखा जड.
कापताना तुकडा खाली पडला.
तिनं उचलून त्याचा मुका घेतला.
मी कपाळाला लावला असता.
एवढाच फरक.

नाताळच्या आदल्या संध्याकाळी वाटी घेऊन आली.
काळे वाटाणे, कांद्यावर परतलेले.
आमच्याकडे यात डुकराची चरबी, म्हणाली,
माझ्या वाटीत आहे, तुमच्या नाही.
एक वाटाणाही ठेवायचा नाही हं.
जितके उरतील, तितक्या येत्या वर्षात असरा.

आसरा?
म्हणजे डोक्यावर छप्पर, पाठीवर हात,
ते गेल्यावर मी सतरा वर्षं जे शोधतेय ते?
वाटाण्यामागे एक?

ती गोंधळली. बोटानं डोळ्याखाली रेघ ओढली,
गालावरून हनुवटीपर्यंत.
आसवं होय, मी म्हटलं. आसवं.
आसवं, ती म्हणाली. तिला तो शब्द जड गेला नाही.

गिरणी बंद होती, तरी पीठ उडत होतं कुठूनतरी.
खाल्ले सगळे.
म्हणजे एक सोडून.
तिनं बघितलं, चमच्यानं दाखवला.
राहू दे, म्हटलं,
एखादा राहू दे.