कुलपाचे दोनशे चाळीस

कारेलीबागेतला भाड्याचा हॉल, पंखा एकच,
त्याच्याखाली बसायचा मान आपोआप माझा.
सतरंजीवर बाकीच्या अठरा जणी,
विश्वामित्रीच्या काठच्या:
जुन्या कपड्यांवर भांडी देणाऱ्या, चार घरी लादी पुसणाऱ्या,
नसीमबानू, जी डझनावर पायजमे शिवते
आणि बोलताना अजून टाके मोजते.
मी दांडिया बाजारची, निवृत्त बालवाडीवाली,
गुजरातीत बेन, मराठीत ताई,
अकरा वर्षं संस्थेची प्रमुख.
प्रमुख हा शब्द रबरी शिक्क्यावर आहे.
शिक्का माझ्या पर्समध्ये.

तोरल नावाची मुलगी शिकवायला आलेली,
केस आखूड, बाह्या दुमडलेल्या.
म्हणाली, नेतृत्व म्हणजे काय, चित्र काढा.
जशीने बस काढली, स्टीअरिंग काढायची राहिली.
मंगूने उंट काढला, का ते सांगेना, हसतच सुटली.
मी दिवा काढला. मी नेहमी दिवाच काढते.
माझं हे तिसरं प्रशिक्षण.

दुपारी सेव-उसळ. लाल तर्री, नाकाला धार,
पदराने डोळे पुसत सगळ्या एकदम बोलायला लागल्या.
मी अहवालासाठी टिपणं घेत होते,
त्यातलं काही टिपलं नाही.

मग तोरलने विचारलं, अगदी सहज, फळा पुसता पुसता:
तुमच्या ऑफिसची किल्ली कुणाकडे असते?

पंख्याची करकर.
अठरा जणी माझ्याकडे बघत नव्हत्या.
न बघण्यातली ती एकजूट
मला अकरा वर्षांत घडवता आली नव्हती.

बोलली कंकू. जी सभेत फक्त सहीपुरती पुढे येते,
अंगठा नाही, सही, मीच शिकवलेली.
बेन, पुराच्या रात्री
पाणी गुडघ्याला लागलं तेव्हा आम्ही ऑफिसच्या दारात होतो.
आत दोर होता, बॅटऱ्या होत्या, क्लोरीनच्या गोळ्या,
आपल्याच वर्गणीतल्या.
किल्ली तुमच्याकडे, तुम्ही पुलापलीकडे, फोन मेलेले.
कुणीतरी ओरडलं, मगर आली गल्लीत.
आली होती की नव्हती, देव जाणे.
पोरं खांद्यावर होती. दगड घेतला, कुलूप फोडलं.
थांबली. ग्लासभर पाणी प्यायली, सावकाश.
चौथ्या दिवशी तुम्ही आलात. चिखल बघितलात.
पहिलं विचारलंत,
कुलूप केवढ्याचं होतं ठाऊक आहे का?

दोनशे चाळीस.
मी ते खर्चात टाकलं होतं, 'इतर' या सदरात.

मला सांगायचं होतं, बँकेच्या रांगेत
कोण उभं राहिलं, कुणाच्या नवऱ्याचं ऑपरेशन चालू असताना
बाहेरच्या बाकावर चेकवर सह्या झाल्या.
सगळं खरं. पण खरं असूनही
त्या सतरंजीवर त्याला बसायला जागा नव्हती.
तोरल काही बोलली नाही. चांगली शिकवते पोरगी.

पर्स उघडली. शिक्का, बीपीच्या गोळ्यांची पट्टी,
लाल दोऱ्यातली किल्ली.
सतरंजीच्या मधोमध ठेवली. कुणी उचलेना.
नसीमबानू म्हणाली, आळीपाळीने ठेवू,
महिन्याला एक घर, वही करू, सह्या करू.
मंगू म्हणाली, माझ्याकडे नको,
आमचे हे भंगारात घालतील.
सगळ्या हसल्या.
मीही, जरा उशिराने.

शेवटी फॉर्म. काय शिकलात, तीन ओळींत लिहा.
पहिल्या ओळीत 'सामूहिक' घातलं,
दुसरीत 'पारदर्शक'.
तिसरी कोरी.

रिक्षा रावपुऱ्यात अडकली तेव्हा आठवलं,
दुसरी किल्ली आहे.
नवं कुलूप आणलं त्याच दिवशी ठेवलेली,
घरी, तांदळाच्या डब्यात, अगदी तळाशी.
कुणालाच ठाऊक नाही.

पोचल्यावर भात टाकायचा आहे.
डबा संपत आलाय.