सातवं नाव

आमच्या गावात घरं एकोणीस,
त्यातली चार फक्त उन्हाळ्यात उघडतात.
छपरांवर गवत उगवतं, झाड मात्र एकही नाही;
फेरो बेटांवरचा वारा
उभं राहू देत नाही कुणाला फार वेळ.
पाळक सहाव्या रविवारी बोटीने येतो, समुद्राच्या मनात असलं तर.
बाकीचे रविवार मास्तर प्रवचन वाचून दाखवतो
आणि नेमका 'स्वर्ग' शब्दाशी अडखळतो.

मलान म्हातारी मात्र कुणासाठी खोळंबत नाही.
पहाटे चहाचं आधण ठेवते
आणि उकळी फुटायच्या आत तिची उपकारस्तुती सुरू.
आधी आधणाचीच.
मग कोरड्या राहिलेल्या काडीची,
रात्री व्यायलेल्या मेंढीची,
डाव्या गुडघ्याची.
(उजव्याबद्दल ती देवाशी वेगळं बोलते.)

मग यादी.
लोकरीच्या पावतीमागे पेन्सिलीने लिहिलेली,
पिठाच्या डब्याला चिकटवलेली.
एलिनचं बाळ, जे अजून रांगत नाही.
मास्तराची मुलगी, कोपनहेगनला गेलेली, पत्र न लिहिणारी.
रेडिओवर वादळाची बातमी सांगणारा आवाज;
त्याचं नाव तिला ठाऊक नाही, देवाला असेल.
मापात पाप करणारा दुकानदार मोर्तन,
त्याच्यापुढे दोन खुणा.
तिची बहीण, जिच्याशी ती बोलत नाही.
सहावा रोई.
सातवा मी. तुम्मस. पुढे काही नाही, नुसतं तुम्मस.

दर शनिवारी मी तिला मासे नेऊन देतो
आणि डब्याकडे पाठ करून बसतो.

रोई आणि मी एकाच बोटीत होतो.
मार्च महिना. लाट आली ती आडवी आली.
मी त्याचा हात धरला होता, खरंच धरला होता.
माझ्या हातात उरला त्याचा हातमोजा,
हिनेच विणलेला.
तो मी हिच्या टेबलावर ठेवला,
आणि कितीतरी वेळ त्यातून पाणी गळत राहिलं.

एकदा मास्तर म्हणाला,
"मलान, आपल्यात मेलेल्यांसाठी मागत नाहीत."
ती म्हणाली, "मागतेय कोण?
चोवीस वर्षं होता. त्याचे उपकार मानतेय."

मला ती एकदाच बोलली, माशाची खवलं काढता काढता.
"पहिलं वर्षभर मी गप्पच होते बरं का.
देवाला म्हटलं, तुझा तू चहा कर.
मग एका शनिवारी बाहेर तुझा खोकला ऐकला,
आणि तोंडून निसटलं, बापा, तुझे उपकार, हा तरी आला.
परत घ्यावं वाटलं.
पण निसटलं ते निसटलंच."
मग तिने टोपलीतून हातमोजे काढले.
एक जुना, मिठाने कडक झालेला,
एक नवा, त्याच्या जोडीला विणलेला.
"घाल," म्हणाली. "थंडी आहे."

आज ती तोर्सहाव्नच्या इस्पितळात आहे,
उजव्या गुडघ्यासाठी.
नळ गोठू नयेत म्हणून
मी तिच्या घरात चूल पेटवायला आलोय.
प्रार्थना मला येत नाही.
देवळात मी छताच्या फळ्या मोजतो.
पण आधण ठेवलं, आणि रिकामं घर
आपल्याकडे बघत असल्यासारखं वाटलं.

तेव्हा म्हटलं, आधणाबद्दल उपकार.
काडीबद्दल. कालपासून मोडलेली नाही त्या हाडाबद्दल.
एलिनचं बाळ. मास्तराची मुलगी. तो आवाज.
मोर्तनपाशी जीभ अडली.
गेल्याच आठवड्यात त्याने मला दोराचे दुप्पट लावले.
दोन खुणा का, ते तेव्हा कळलं.

मोर्तनला सोडून पुढे जावं,
तर पुढे बहीण, आणि तिच्यापुढे रोई.
आणि यादीत मलानचं नावच नाही.
पेन्सिल शोधत राहिलो.
सापडली तोवर
अर्धं आधण आटलं होतं.