गुणपडताळणी

लोणच्याची बरणी बाजूला सारून
टॉडनं ते माझ्यासमोर ठेवलं.
जाड प्लास्टिकच्या पेटीत बंद केलेलं कॉमिक,
चौऱ्याहत्तर सालचं, छापील किंमत पंचवीस सेंट,
वर हिरव्या पोशाखातला पाणबुड्या
आणि बोटीएवढा खेकडा.
कोपऱ्यात निकाल: साडेआठ.
दहापैकी.

"आय," तो म्हणाला.
(आई म्हणता येत नाही त्याला,
आय म्हणतो, आमच्या खेड्यातल्या पोरांसारखं.)
"तुम्ही बावीस वर्षं पेपर तपासलेत.
सांगा, परत पाठवू का?"

दाबून घेतलं तर नऊ दशांश चार मिळतील, म्हणे.
ऊब, ओल, वजन. इस्त्रीच ती, कागदाची.
मग पुन्हा फी, पुन्हा विमा, पाच महिने वाट,
आणि कुठल्याशा राज्यात
नाव नसलेला एक माणूस दिव्याखाली वाकणार.

त्या माणसाला मी ओळखते.
मीच होते तो.
अमरावती बोर्ड, मॉडरेटर, हिरव्या शाईचं पेन,
खोलीभर गठ्ठे, एप्रिलचा कूलर बंद पडलेला.
चहाआधीच्या पोराला चौतीस,
चहानंतरच्याला त्याच उत्तरांवर पस्तीस.
हे मी कुणाला सांगितलं नाही.
टॉडलाही नाही.

त्याला सांगितलं ते तेल्हाऱ्याच्या पोराचं.
अर्ज भरला, फी भरली,
एकाहत्तरचे अडुसष्ट झाले.
बाप आला, सायकल भिंतीला टेकवली,
म्हणाला, "बाई, आमचे जुनेच वापस द्या ना."
टॉड हसला,
मग पेटीकडे बघत हसायचा थांबला.

रात्री दुलूथमध्ये उणे एकवीस.
सरोवर गोठलेलं, पुलाखालून बोटी नाहीत,
भोंगा नाही, म्हणून झोपही नाही.
खाली येऊन मी पेटी दिव्याखाली तिरकी धरली,
सवयीनं,
खाडाखोड शोधताना धरायचे तशी.

मागच्या बाजूला, जाहिरातीतल्या सायकलवरून,
शाई नाही, रंग नाही, नुसते वळ.
कुणीतरी वर कागद ठेवून
पेन्सिल दाबून दाबून लिहिलेलं.
नऊशे सत्तेचाळीस भागिले सहा.
एकशे छप्पन्न. बाकी अकरा.

माझा हात पेनाकडे गेला.
अरे पोरा,
भाजकापेक्षा बाकी मोठी कशी राहील?
अजून एकदा जातो की सहा.

वर नाव, तेही वळांचंच: कार्ल.
टॉडचा मोठा भाऊ. फिनिक्सला असतो.
आईचं घर विकलं तेव्हा
शिडीसुद्धा यादीत घातली होती दोघांनी,
बर्फ उडवायचं मशीन, तिची शिवणाची टोपली.
सहा वर्षं झाली, फोन नाही.
हे कॉमिक टॉडच्या वाट्याला आलं.

दाबलं की हे जाईल.
त्यासाठीच तर दाबतात.
निकालाच्या टिपणात लिहिलंच होतं,
"मागे हलक्या दाबाच्या खुणा," आणि गुण कापले होते.
म्हणजे त्या माणसानं पाहिलं होतं,
वाचलं नव्हतं.
मीही किती पाहिले असतील नुसते.

मला काय करायचंय, असंही वाटलं.
सातशे डॉलरचा फरक आहे,
पोरीच्या दातांच्या तारा बाकी आहेत,
आणि दुसऱ्याच्या घरातला ग्रेस
देणारी मी कोण?

सकाळी खोका तयार, टेप लावायची राहिलेली,
अर्ज फ्रिजवर, सहीची जागा रिकामी.
टॉड लोकरी मोज्यांत उभा, कॉफी हातात.

"टॉड, वरचा दिवा बंद कर.
हा घे. इथे धर. तिरकं.
दिसतंय?"
"काय, आय?"
"अजून तिरकं."