पलंगाखालच्या विटा

रात्री पावणेदोनला ती येते.
आधी छातीच्या हाडामागे कुणी काडी ओढावी तशी,
मग नळीनळीनं वर,
जिभेच्या मुळाशी येऊन थांबते
कल्हई उडालेल्या पातेल्यातल्या ताकासारखी.
मी उठून बसतो.
आसोद्यात एवढ्या रात्री जागं कोण असणार?
भादलीकडे निघालेली मालगाडी
आणि मी, तोताराम कोलंबे, भरीतवाला.

तीस हिवाळे भरीत केलं.
मळ्यामळ्यांत, कपाशीच्या काड्यांच्या जाळावर.
वांगं आतून शिजलं की नाही
हे मी पाठमोरा सांगायचो,
देठाजवळ साल सुस्कारा टाकते त्यावरून.
बडगीत मिरची किती ठेचायची
ते हाताला माहीत, डोक्याला नाही.
आणि दर कढईतून चव बघायची,
बोटभर. फक्त बोटभर.
मग सगळ्या पंगती उठल्यावर, अकरा वाजता,
तळाचं करपलेलं, तेलकट, कळण्याच्या भाकरीशी,
आणि तसाच टेम्पोत आडवा.

डॉक्टर फेगडे बाईंनी कागदावर पिशवी काढली,
पिशवीच्या तोंडाशी एक दार.
"काका, हे दार सैल झालंय."
मला आमच्या गोठ्याचं फाटक दिसलं,
बिजागरी गेलेलं,
वासरू केव्हाही बाहेर.
गोळी उपाशीपोटी. तंबाखू बंद. (हे त्यांनी दोनदा लिहिलं.)
जेवण सातच्या आत, झोपणं डाव्या कुशीवर,
"आणि उशाकडून पलंग सहा इंच उचला."

सहा इंच म्हणजे एकावर एक दोन विटा.
घरात विटा होत्या त्या कढईखालच्याच,
एका अंगानं काळ्याभोर.
लावल्या.
पहाटे बघतो तर मी आणि इंदू
दोघंही पायथ्याशी गोळा झालेलो,
चढावर टेम्पोत मागे सरकलेल्या हरभऱ्याच्या पोत्यांसारखे.
"दुखतं तुमचं," ती म्हणाली,
"मग मी काहून घसरू?"
दोन रात्री ती खाली सतरंजीवर झोपली.
तिसऱ्या रात्री काही न बोलता वर आली,
जुन्या गोधडीची वळकटी केली
आणि पायथ्याला घट्ट अडकवली,
चढावरच्या बैलगाडीच्या चाकाला
दगड लावतात तशी.

चंपाषष्ठीला ममुराबादच्या मळ्यातलं बोलावणं आलं.
गेलो.
चव आता भाचा बघतो, हिरामण.
मी हिरामणचं तोंड बघतो.
डावी भुवई हलली की मीठ कमी,
कान लाल झाले की मिरची बरोबर.
साडेसहाला मी बांधावर बसून दूध-भाकर कुस्करली.
पोरं हसली. भरीतवाला, आणि दूध-भाकर!
हसू द्या.
वास तर मी पोटभर घेत होतो.
खोटं कशाला बोलू, जिभेला पाणी सुटलं होतं,
आणि एकदा, हिरामणची पाठ होती तेव्हा,
बोट कढईच्या काठापर्यंत गेलंही होतं.
काठ तापलेला होता, बरं झालं.

पूर्ण गेली असं नाही.
परवा व्याह्यांकडच्या कढीनं रात्र घालवली,
चूक माझीच, दोनदा वाढून घेतली.

पण काल पावणेदोनला जाग आली
ती नुसत्या सवयीनं.
बसून राहिलो, वाट बघत.
मालगाडी आली, गेली.
तोंडाला तोंडाचीच चव होती.
इतक्या वर्षांत ती कशी असते
हे विसरलोच होतो मी.
इंदूला सांगावं म्हणून वळलो,
तर तिचे पाय वळकटीला टेकलेले,
झोप गाढ.

मग डाव्या कुशीवर झालो.
उशाखालून, विटांमधून,
अजून धुराचा वास येत होता,
भाजलेल्या वांग्याच्या सालीचा.
त्याला डॉक्टरीणबाईंनी
मनाई केलेली नाही.