शेरा

हर्णैच्या वाचनालयात पुस्तक परत केलं
की वहीत शेवटचा रकाना उरतो : शेरा.
तिथं लिहायचं, पान फाटलं, शिवण सुटली, वाळवी.
साबिरा मुकादम म्हणाली, "रिकामा नको ठेवूस गो,
तपासणीला माणूस येतो."
म्हणून मी लिहायला लागले.

मी बंदरावर लिलावाचा हिशेब लिहिते.
टोपलीतल्या वरच्या चार पापलेटांवर
शहाणा माणूस बोली लावत नाही.
खाली हात घालायचा, कल्ला उचलायचा,
लाल असला तर तोंड उघडायचं.
पुस्तकातही मी चाळिसाव्या पानाशी हात घालते.

ती बक्षीस मिळालेली सहाशे पानी कादंबरी,
नायक खिडकीशी उभा. दोनशे पानं उभाच.
लिहिलं : यांना कुणीतरी खुर्ची द्या.

पहाटे चारला उठलं की नशीब बदलतं, असं सांगणारं एक.
आम्ही तीनला उठतो. बदललं की कळवू.

माशांच्या पाककृती, गुळगुळीत कागद, पानोपानी फोटो,
बांगड्याच्या तिखल्यात तिरफळ नाही, वर टोमॅटो!
"याला वाळवी लागो" असं लिहिलं होतं,
मग खोडलं.
फोटोतली कढई चांगली होती.

रहस्यकथेचं शेवटचं पान कुणीतरी पळवलेलं.
खुनी भाचा, मी लिहिलं, पान नसलं तरी कळतं.
खाली साबिराचं बारीक अक्षर : भाचा नाही.
अजून सांगत नाही कोण ते.

समुद्राच्या कवितांचं एक पातळ पुस्तक.
समुद्र एकोणतीस वेळा, वास एकदाही नाही.
पण मधेच एक आईच्या शिलाई मशीनची कविता,
ती मी उतरवून घेतली
डिझेलच्या उधारीच्या पानामागे.

आणि कुठल्याशा थंड देशातलं, अनुवादाचं,
माणसांची नावं जिभेवर बसत नाहीत असलं.
पोरगा गोठलेल्या नदीवरून बापाला शोधत चाललाय.
बर्फ मी रोज बघते,
लाद्यांनी येतो, यंत्रात फुटतो, फावड्याने टोपलीत जातो.
त्यावरून कुणी एवढं लांब चालत जाईल
असं कधी वाटलं नव्हतं.
शेरा : पान ११२ ओलं झालं. माझ्याकडून.

मुरारी चोगल्यांचं आत्मचरित्र मात्र नीट वाचलं.
दीपगृहावरून निवृत्त झालेला माणूस,
फंडाच्या पैशातून छापलेलं,
आपल्या गावचं म्हणून सूट द्यावी का?
टोपलीला देत नाही, मग याला का?
लिहिलं : ब्याऐंशी पानांपर्यंत दिवा फिरतो.
पुढे नुसते साहेबांचे सत्कार.

पंधरा दिवसांनी ते लिलावात उभे.
बोली लावेनात, हलेनात.
एका सुरमईचा कल्ला उचलला, पाहिला, सोडला.
मला म्हणाले, "ब्याऐंशीपर्यंत कुणी पोचेल
असं वाटलं नव्हतं."
आणि अर्धा शेर कोळंबी घेऊन
चिखलातून धोतर सावरत गेले.

परवा वही उघडली.
त्यांनी आपलंच पुस्तक आपल्याच नावावर नेलेलं,
परत केलेलं.
शेऱ्यात ठळक, गोल अक्षर :
पानं फाटली, ८३ ते अखेर. लेखकाकडून.

साबिरा हसत होती. मीही हसले थोडी.
जेटीवर आल्यावर आठवलं,
त्यातच सत्याण्णवावं पान होतं.
जुलैतलं वादळ, दिवा विझू द्यायचा नाही,
आणि बायको पदराखाली डबा धरून
अंधारात पायऱ्या मोजत वर येते,
मधेच आकडा चुकते, पुन्हा खाली जाते,
पहिलीपासून मोजते.

ते पान लाल होतं.
मी लिहायचं विसरले.